आधी चाकूरला लावून बघू

दादांनो, तायांनो, कामं सोडून तुमी ह्या ऑफिसात शोकसभेला जमलाव. मला माईकवर बोलायची सवय न्हाई. सातवी शिकलेली बाई मी. पण माझ्या मालकांवर, पिंकीच्या पप्पांवर, साहेब आत्ता जे बोलले, ते ऐकून गप बसवंना.

साहेब म्हणले, लई हुशार माणूस, एक चूक भोवली.

कुणाची चूक, साहेब?

पिंकीचे पप्पा तुमचं नेटचं काम करायचे. पहिलं गावोगाव जाऊन नेटचे डबे हातानं लावायचे. मग तुमी नवीन आणलं. नांदेडात बसून कंप्युटरवर स्क्रिप्ट चालवली की सगळ्या गावच्या डब्यांची सेटिंग एकदम बदलती. ते बी शिकले. पण त्यांची एक रीत हुती. आधी एकाच गावाला लावायचं. तिथं आपला माणूस उभा करायचा. दिवसभर बघायचं. मगच बाकीची गावं. मी शीत दाबून भात बघायची तवा म्हणायचे, "तू बी हेच करतीस."

त्या सकाळी ते जेवून राहिले हुते. फोन स्पीकरवर. म्हणले, "साहेब, आधी चाकूरला लावून बघू. तिकडले डबे जुने हायेत." तुमी काय म्हणलाव? "तुझं गावठी डोकं चाकूरलाच ठेव. दुपारी पाहुणे काम बघायला येणार. सगळीकडं एकदम लाव." मी तिथंच हुते. मी ऐकलं.

लावलं. चाकूर बंद. रेणापूर बंद. नांदेडात बसून नेटवरनं त्या डब्यांपस्तोर पोचायची वाटच बंद. मग कोण गेलं? तुमी गेलाव का? हे गेले, मोटारसायकलवर, लॅपटॉप पाठीला बांधून. चाकूर चालू केलं. मला फोन केला, "आता रेणापूर, मग घरी." चाकूर सुटलं अन् ह्यांना टिप्परनं उडवलं.

काल तुमचा माणूस कागद घेऊन आला. म्हणे, वहिनी, मिस्टरांनी न इचारता स्क्रिप्ट चालवली, एवढ्यावर सही करा.

मला भ्या वाटतंय. तीन वर्साची लेक हाय. नांदेडात मला दुसरं कोण हाय? तरी सही करणार न्हाई. उद्या लेक इचारंल, पप्पा कशानं गेले. तिला हा कागद दाखवू का?

अन् तुमी समदे. तुमाला ठावं हाय. रोज ह्यांच्या संगं जेवलाव. खाली काय बघता?

आता दोन मिनिटं गप उभं राहायचं म्हणतेत. राहू. पण आधी साहेब फोनवर काय बोलले, ते हितं सांगतील. तवर मी खाली बसत न्हाई.

या साहेब. हा घ्या माईक.