त्या शनिवारी दूध कोणी काढलं?

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या टॅनर्सकिल गावच्या प्रमुख कोरीन ॲपलगेट, व्यासपीठावर बसलेले आणि आत भाजत असलेल्या कोंबडीच्या वासाने केव्हाचे अस्वस्थ झालेले अग्निशमन दलाचे कप्तान, उद्यापासून गावचं दप्तर ज्यांच्या हाती जाणार ते नवे इतिहासकार टोबायस रेन, आजच्या सत्कारमूर्ती व्हर्ना कर्टराइट, आणि आगीचे बंब बाहेर उभे करून रिकाम्या केलेल्या या हॉलमध्ये दाटीवाटीने बसलेल्या माझ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनो,

मला बोलायला दहा मिनिटं दिली आहेत. व्हर्नाबाईंचं म्हणणं असं, की लायल डेनिंगला दहा मिनिटं दिली तर तो अर्धा तास घेतो आणि त्यातली वीस मिनिटं थापा मारतो. त्या स्वतः माझ्या शेजारीच बसल्या आहेत, त्यामुळे आज मला जपून बोलणं भाग आहे.

आपल्या न्यूयॉर्क राज्यात कायदाच आहे, की प्रत्येक गावाने आपला एक इतिहासकार नेमायचा. मग गावाला इतिहास असो वा नसो. आमच्या गावाला काय होता इतिहास? चामडं कमावण्याचा एक कारखाना, तो बुडाला. दोन पूर आले. चर्चचा मनोरा एकदा वीज पडून जळाला. एवढ्या भांडवलावर व्हर्नाबाईंनी अडतीस वर्षं कशी काढली असती? त्यांना तारलं ते एकोणीसशे एकोणसत्तरच्या ऑगस्टातल्या त्या तीन दिवसांनी. आता तेही धड आमचे नव्हेत. गाण्यांचा तो मोठा जलसा झाला टेकडीपलीकडे बेथेलमध्ये. नाव लागलं वुडस्टॉकचं, जे इथून गाडीने तासाभरापेक्षा दूर आहे. म्हणजे नाव एकाचं, शेत दुसऱ्याचं, आणि आमच्या वाट्याला आला तो चिखल आणि रस्त्यात सोडून दिलेल्या मोटारी.

आज बाहेरून आलेल्या पाहुण्यांना वाटतं, की आम्ही तेव्हा फुलांच्या माळा घेऊन वेशीवर उभे होतो. मंडळी, आमच्या गावाने विरोधाचा अर्ज केला होता. त्यावर दुसरी सही माझ्या वडिलांची आहे. पहिलीही त्यांचीच झाली असती, पण पेन उमटेना. हे केसाळ लोक येणार, गवत तुडवणार, पोरी बिघडवणार, असं त्यांचं मत होतं. केसाळ लोक आले, चार लाख आले. तिकिटं छापली होती, पण कुंपण वेळेत पुरं झालं नाही, म्हणून सगळंच फुकट झालं. पाऊस पडला. गवत खरोखरच तुडवलं गेलं. आणि तीन दिवस एवढी माणसं एका उतारावर उपाशी, ओली बसली, तरी एकमेकांच्या अंगावर गेली नाहीत. माझ्या वडिलांना याचाच सगळ्यात जास्त राग आला, कारण त्यांच्या चर्चच्या बैठकीत चाळीस माणसांनाही ते जमत नसे.

पुढचा इतिहास तर तुम्ही जगलाच आहात. आधी अशा जमावांवर बंदी घालणारे नियम झाले. मग पंचवीस वर्षं त्या शेताकडे कोणी बोट दाखवलं नाही. आणि मग एक दिवस आपल्या लक्षात आलं, की लोक जर्मनीहून विमानाने येऊन त्या गवताचा फोटो काढतात. आता टेकडीवर संग्रहालय आहे, आणि या खेपेला कुंपण वेळेत झालं. विरोधाच्या अर्जावर ज्यांच्या सह्या आहेत, त्यांची नातवंडं जलशाच्या जाहिरातीतल्या कबुतराचं चित्र असलेले टी-शर्ट विकतात. मीही दोन घेतले आहेत.

पण जलशाने मागे ठेवलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिथे हजर असणाऱ्यांची संख्या. ती दरवर्षी वाढते. एकट्या आमच्या गावातून त्या उतारावर जितकी माणसं बसली होती असं सांगतात, तितकी या गावात जन्मालाच आलेली नाहीत. म्हणून व्हर्नाबाईंनी वही सुरू केली. प्रत्यक्ष हजर होता का? या, नाव सांगा, काय पाहिलं ते सांगा, मी लिहिते. लोक येत. भिजलेल्या ब्लँकेटचं वर्णन करत. व्हर्नाबाई शांतपणे ऐकून घेत आणि एकच प्रश्न विचारत: "मग त्या शनिवारी तुमच्याकडे दूध कोणी काढलं?"

हा प्रश्न त्या का विचारू शकत, हे तरुण मंडळींना माहीत नसेल. तेव्हा या खोऱ्यात घरटी गोठा होता. व्हर्नाबाई तेवीस वर्षांच्या होत्या आणि दूध मोजण्याचं काम करत. महिन्यातून एकदा त्या प्रत्येक गोठ्यात यायच्या, संध्याकाळी एकेका गाईचं दूध तोलायच्या, रात्री त्याच घरी मुक्काम करायच्या, आणि पहाटेचं दूध तोलून पुढच्या घरी जायच्या. कोणाच्या घरात किती हात आहेत, त्यांतले कामाचे किती, हे त्यांना पाद्र्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. गाय काही गाणं संपेपर्यंत थांबत नाही. त्या प्रश्नापुढे भले भले वही न उघडताच घरी गेले. उभ्या गावातून त्या वहीत अकराच नावं आहेत.

त्यात माझं नाव नाही.

आता हसू नका. पंचावन्न वर्षं मी तुम्हाला सांगत आलो, की मी मंचापासून दहा पावलांवर उभा होतो. गिटारवाल्याच्या कपाळावरचा घाम सांगितला, शेजारच्या मुलीच्या पायांतली घुंगरं सांगितली. दर ऑगस्टमध्ये हे ऐकवून मी परक्या लोकांच्या खर्चाने कॉफी प्यालो. व्हर्नाबाई शेजारच्या टेबलावर बसून हे ऐकत आणि ॲपल-पाय खात. मला खोटं कधी पाडलं नाही, आणि माझं नाव कधी लिहिलंही नाही. का, ते मी आज सांगणार आहे. माझी पुतणी मार्सी तिसऱ्या रांगेत बसली आहे. मार्सी, तू हे पहिल्यांदाच ऐकणार आहेस. तुझ्या वडिलांच्या हयातीत मला हे जमलं नाही.

माझा थोरला भाऊ वॉरन त्या वर्षी व्हिएतनामात होता. ऑगस्टच्या सुरुवातीला त्याचं पत्र आलं. जलशाची बातमी त्याला तिकडे कळली होती. त्याने लिहिलं होतं, की आपल्या घरामागच्या टेकडीपलीकडे हे होतंय आणि मी इथे आहे. माझ्या वाटचं तू बघ आणि मला सगळं लिही. बाकी त्याने त्या पत्रात काहीच मागितलं नव्हतं, मोजेसुद्धा नाहीत.

आणि मी काय केलं? वडील जुलैत गवताच्या गाडीवरून पडले होते, त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये. बेचाळीस गाई, आणि हात चालणारा मी एकटा. शुक्रवारी दुपारी व्हर्नाबाई मागच्या वाटेने कशाबशा आमच्याकडे मोजणीला पोचल्या आणि सोमवारपर्यंत अडकल्या. रस्ते बंद, दुधाचा टँकर येईना, आणि शनिवारी सकाळी टाकी काठोकाठ भरली. गाईंना तर हे सांगता येत नाही. वडिलांनी दात-ओठ खात दूध ओढ्यात सोडायला सांगितलं. आई म्हणाली, "तुम्ही सही केलीत तेवढी पुरे." मग मी आणि व्हर्नाबाईंनी कॅन ट्रॅक्टरवर चढवले आणि रस्त्यात अडकलेल्या मोटारींना दूध वाटत सुटलो. ब्रुकलिनच्या एका मुलीने घोट घेतला आणि काळजीने विचारलं, की हे गरम का लागतंय, नासलंय का? व्हर्नाबाईंनी तिला गाय म्हणजे काय ते समजावून सांगितलं. जलशाच्या इतक्या जवळ आम्ही दोघं गेलो, याहून जवळ नाही. साडेचार वाजता परत फिरलो, पाचची धार होती.

रविवारी दुपारी वादळ आलं. गवताचं काम बंद, मी स्वयंपाकघरात कागद घेऊन बसलो. काय लिहू? गाईंबद्दल? त्या तर त्याने जन्मभर पाहिल्या होत्या. टेकडीवरून नुसता धप्प धप्प आवाज येत होता. मी व्हर्नाबाईंना विचारलं, "तिथे कसं असेल गं?" आणि मंडळी, ज्या बाईने पुढे अडतीस वर्षं दोन साक्षीदारांशिवाय कोणाच्या जन्माची तारीखसुद्धा मान्य केली नाही, ती माझ्यासमोर बसली आणि सांगायला लागली. घाम मी सुचवला. घुंगरं तिने. पाच पानं झाली. त्यात खरी ओळ एकच, त्या गरम दुधाची.

वॉरन पुढच्या वर्षी लंगडत परत आला. आल्याच्या दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या डायनरमध्ये बसून त्याने सगळ्यांना सांगितलं, की माझा भाऊ तिथे होता. त्याने ते पत्र तंबूतल्या पोरांना वाचून दाखवलं होतं, त्यांनी पुन्हा पुन्हा वाचायला लावलं होतं. त्यांतली काही पोरं परत आलीच नाहीत. मग मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? पंचविसाव्या वर्षी त्याने ते पत्र गावच्या दप्तराला दिलं. तेव्हापासून ते तिथे काचेखाली आहे. मार्सीच्या मुलीने ते शाळेत मोठ्याने वाचलंय. एका प्राध्यापकाने ते प्रत्यक्षदर्शीची साक्ष म्हणून पुस्तकात छापलंय. व्हर्नाबाईंनी त्याला दोनदा कळवलं, की कृपया पडताळून पाहावं. त्याने दोन्ही वेळा आभाराचं उत्तर पाठवलं. पत्राखाली त्यांनी स्वतः फक्त तारीख आणि देणाऱ्याचं नाव लिहिलं. एवढं तरी खरं होतं.

गेल्या हिवाळ्यात वॉरन गेला. या मंगळवारी मी व्हर्नाबाईंच्या कचेरीत गेलो. त्या खोकी बांधत होत्या. मी म्हटलं, की उद्या-परवा हे सगळं टोबायसच्या हाती जाणार, त्या बिचाऱ्याला कशाला खोट्यात ठेवायचं. मी समारंभात सांगतो, पण मग तुझंही नाव खराब होईल. त्या म्हणाल्या, "माझं नाव मी बघेन. तू सांगतोयस हे नक्की ना?" मी हो म्हटलं. तेव्हा त्यांनी खालचा खण उघडला आणि एक कार्ड माझ्यापुढे ठेवलं. म्हणाल्या, पत्र दिलं त्याच दिवशी वॉरनने हेही दिलं होतं. लायल स्वतःहून बोलेल त्या दिवशी पत्राखाली लाव, तोवर नको, असं त्याने सांगितलं होतं. तीस वर्षं ते खणात होतं.

वॉरनला पहिल्याच पानावर कळलं होतं. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मी मंचाजवळ उभा, असं मी लिहून बसलो होतो. आईने वडिलांच्या हाताचं त्याला आधीच कळवलेलं. गोठ्यात वाढलेला माणूस तो, त्याला आणखी काय लागणार? तरी त्याने ते तंबूत वाचलं. तरी जन्मभर सगळ्यांना माझं कौतुक सांगितलं.

आज सकाळी ते कार्ड काचेखाली लावलं आहे. जेवण झाल्यावर पलीकडच्या खोलीत बघता येईल. अक्षर वॉरनचं आहे. मी वाचतो.

"यातलं दुधाचं तेवढं खरं. माझा भाऊ जलशाला गेला नव्हता. त्या शनिवारी तो माझ्या वाटच्या गाई पिळत होता."

व्हर्नाबाई, तुम्हाला निरोप कसला देणार, तुम्ही राहता माझ्या समोरच्याच घरात. पण माझ्या भावाचा शब्द तुम्ही तीस वर्षं सांभाळलात, त्याबद्दल मी तुमचे आभार मानतो. अध्यक्षांचे आणि स्वयंपाकघरात राबणाऱ्या सगळ्यांचेही आभार. मी वेळ जास्त घेतला, ती चूक सभेने पोटात घालावी. दुसरी चूक मोठी आहे, ती मार्सीने घालावी, कारण ज्याने घालायला हवी होती त्याने ती केव्हाच घातली होती आणि मला कळूही दिलं नाही.