सोळा मात्रा

नागपूर आमची राजधानी होती तेव्हाची गोष्ट. अकोल्याच्या दवाखान्यात माझ्या शेजारी मनकर्णाबाई, त्यांची नात जयवंता आणि लकव्यानं वाचा गेलेले आजोबा बसले होते.

"नागपूरले जाऊन काय शिकशील वं?"

"गाण्यानं दुखनं बरं कराले, आजी. तिथं एक गुरुजी शिकवतात. मंग दवाखान्यात नोकरी करीन."

"अन् औषध कोनतं देशील?"

"मात्रा."

"मंग सहान घेऊन जाय, उगाळाले."

"तालातल्या मात्रा वं! सोळा असतात."

"सोळा? हा बुढा एका मात्रेत तोंड वाकडं करते!"

"जाऊ दे ना, आजी."

"तुया आजानं हो म्हटल्याबिगर आपल्या घरचं कोनी गाव सोडत नाही. अन् त्यायचं तोंड दोन महिन्यांपासून बंद हाये. मी काय करू?"

जयवंतानं आजोबांच्या गुडघ्यावर हलकेच ताल धरला आणि गुणगुणू लागली, "आबाजी, जाऊ का? जाऊ का?"

चौथ्या खेपेला आजोबांच्या घशातून त्याच सुरात आलं, "जा... जा... जाऊ दे."

मनकर्णाबाईंनी पदरानं आजोबांचं तोंड पुसलं. मग माझ्याकडे वळल्या.

"पाह्य वं बाई, दोन महिन्यांनी तोंड उघडलं, अन् पहिलंच बोलनं माह्या उलटं!"