चेपलेलं खोकं आणि माझी इस्त्री

आता तुम्ही तरी विश्वास ठेवा हो, घरात तर कुणी ठेवत नाही! खोकं चेपलेलंच आलं होतं! डावा कोपरा हा एवढा आत, उशीत कुणी कोपर खुपसावं तसा. माझ्या या दोन डोळ्यांनी बघितलाय. पण सांगायला गेलं की लेक म्हणते, "आई, पुरे." आणि आमचे हे? हे तर मान वर करायचेही कष्ट घेत नाहीत.

काय आलं होतं त्यात? मदरबोर्ड! म्हणजे काय ते मला विचारू नका, मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. लेक म्हणाली, "आई, कॉम्प्युटरच्या पोटातली पाटी गं, सगळं हिच्यावरच बसतं." म्हटलं, घरात माझ्यावर बसतं तसं! तर ती पाटी जळली, लेकीचं घरबसल्या नकाशे काढायचं काम ठप्प, नवी मागवली, आणि बाहेर जाताना दारातून तीनदा बजावून गेली, "आई, खोकं दबलेलं असेल तर घ्यायचं नाही. परत पाठवायचं. कळलं?" कळलं म्हटलं. न कळायला काय झालं?

मग आला शीळवाला. पार्सल आणून देणारा हो! जिन्याखालूनच शीळ घालत येतो, म्हणून आमच्या इमारतीत सगळे त्याला शीळवालाच म्हणतात. आला आणि पोरगं दारातच म्हणतं काय, "मावशी, कोपरा दबलाय बघा. घेऊ नका, मी परत नेतो." ऐकलंत? त्यानं सांगितलं होतं! आणि मी काय म्हणावं? "आण इकडे! लेक माझी चार दिवस हात चोळत बसलीये आणि तू परत नेतोस?" ओढलंच मी खोकं त्याच्या हातातून. सही केली. दार लावलं. आणि दार लावल्यावर आठवलं... दबलेलं घ्यायचं नाही म्हणाली होती.

आता काय करू? म्हटलं, कोपरा सरळ केला तर तिला कळणार कसं? पुठ्ठाच तर आहे! शाळेच्या गणवेशाच्या कॉलरी आयुष्यभर कडक केल्या मी, हा कोपरा काय चीज आहे? पण भरल्या खोक्याला इस्त्री कशी फिरवणार? म्हणून रिकामं केलं. आतली चंदेरी पिशवी काढली. आणि पिशवी हातात आलीच आहे तर पाटी मोडली-बिडली नाही ना, एवढं नको बघायला? आईच आहे ना मी? तेवढ्यासाठी बाहेर काढली हो! मधोमध एक काळं झाकण होतं, ते टुणकन उडालं. मी उडवलं नाही, ते उडालं! आणि खरचटू नये म्हणून पाटी मऊ टॉवेलावर ठेवली. पालथी. तान्ह्याला पोटावर निजवतात तशी. एवढ्या मायेनं!

मग पाणी शिंपडलं, इस्त्री फिरवली, झाकण लावून पाटी परत आत ठेवली, आणि काय सांगू तुम्हाला, खोकं असं कोरं करकरीत की कारखान्यात बनवणाऱ्यानं मला नोकरीला ठेवावं!

लेक आली. "अय्या, किती छान आलंय गं!" म्हणाली, नाचली, उघडलं... आणि पाटी बाहेर काढून उजेडात धरली. झाकणाखाली सोन्याच्या केसांसारख्या बारीक बारीक पिना होत्या म्हणे, त्या सगळ्या आडव्या. गवतात बैल लोळून जावा तशा! आणि एका पिनेला अडकलेला एक निळा धागा. टॉवेल कोणत्या रंगाचा होता ते विचारू नका.

मी ओरडले, "खोकं चेपलेलंच आलं होतं!"

"कुठे चेपलंय, आई? दाखव ना. कोऱ्या वहीसारखं आहे."

खरं बोलत होते हो मी! खरं बोलूनही तोंडघशी पडलेली बाई बघितलीये कधी? माझाच पुरावा, मीच इस्त्री केलेला!

ती तोंड धुवायला गेली. मी बसले रिकाम्या खोक्यावर. असं, दाणकन! उठून बघते तर कोपरा आत गेलाय झकास, पण उजवा! तेवढ्यात ही बाहेर. म्हटलं, "हे बघ! म्हणत नव्हते मी?" ती बघतच राहिली. "पण मघाशी नव्हतं गं असं." म्हटलं, "मघाशी तू धड बघितलंस कुठे?" पोरगी बिचारी डोळे चोळत म्हणाली, "मला चष्मा लागला असेल का?" तिथेच खरं सांगून टाकायला हवं होतं हो... पण तोंड? तोंड म्हणालं, "असेल. दाखवून ये."

तिनं फोटो पाठवला, तक्रार केली. कंपनी म्हणाली, चूक पार्सलवाल्याची, नवी पाटी फुकट पाठवतो. मी म्हटलं, सुटले!

दुसऱ्या दिवशी दारात शीळवाला. शीळ न घालता. टोपी हातात. "मावशी, मला कामावर येऊ नको म्हणालेत. तुमच्या घरून तक्रार आली म्हणे. मी सांगितलं होतं ना हो, परत नेतो म्हणून?" आणि आणखी काय म्हणावं त्यानं! "तुम्ही म्हणता तर माझ्याच हातून कुठे आपटलं असेल." अहो, भांडला असता तर मी त्याला जिन्याच्या खाली पोचवला असता. भांडलाच नाही!

मागे लेक उभी. सगळं ऐकलेलं. एकच शब्द बोलली, "आई?" बास. सांगितलं सगळं, इस्त्री, टॉवेल, बसणं. तिनं सरळ कंपनीला फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

पलीकडे एक साखरेच्या पाकातली मुलगी. "नमस्कार, मी आपल्याला काय साहाय्य करू?"

"साहाय्य नको, ऐक. खोकं चेपलेलंच आलं होतं, पण त्या पोरानं चेपलं नव्हतं, तो परत नेत होता. पाटी मोडली ती आमच्या घरात. नवी पाठवू नका, पण त्याला आधी कामावर घ्या."

"धन्यवाद मॅडम, त्यांच्यावरची तक्रार मी काढून टाकते. मग नुकसान कोणी केलं?"

'मी' म्हणणार होते. शपथेवर सांगते, जिभेवर आलं होतं. पण समोर लेक, दारात शीळवाला, आणि कोपऱ्यात आमचे हे, मटार सोलत. म्हणजे तसे अगदीच रिकामे. निघालं तोंडातून, "आमच्या ह्यांनी!"

ह्यांनी मटार सोलायचे थांबवले. माझ्याकडे बघितलं. एक दाणा तोंडात टाकला आणि म्हणाले, "बरं."

"त्यांचं नाव सांगता?"

"नाव नाही घेत मी त्यांचं. लग्नापासून नाही घेतलं."

"पण नावाशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नाही, मॅडम."

"मग 'आमचे हे' लिही!"

शीळवाला खाली उतरला तेव्हा जिन्यातून शीळ ऐकू आली. बरं वाटलं... आणि फोनमधली मुलगी, अजिबात न हसता, मला वाचून दाखवत होती, "नोंद झाली आहे, मॅडम. नुकसानीस जबाबदार : श्री. आमचे हे."