एका माणसाच्या दोन पाळ्या

हॅलो? … हां ताई, बोल.

अगं, बरे आहेत ते. … भावोजी बरे आहेत म्हणते ना! खरचटलंसुद्धा नाही. आत्ता बघून आले, माझ्या या डोळ्यांनी. …

फोन कसा उचलतील? फोन लॉकरमध्ये आहे, कंट्रोल रूममध्ये नेता येत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढं माहीत नाही का तुला? … बरं बरं, चुकलं माझं. चिडू नकोस. …

तुला कुणी सांगितलं? … शेजारणीने? आणि तिला? … हो, सायरन वाजला ते खरं आहे. पण स्फोट नाही गं झाला! लोक काय, राईचा पर्वत करतात. … नाही, आग नाही. … ताई, आधी बस बरं तू कुठेतरी. … बसलीस? …

ऐक. सकाळी सात वीसला झालं. बाहेर प्लांटमध्ये गरम तेलाचे दोन पंप आहेत, शेजारी शेजारी, जुळ्या भावांसारखे. एक नंबरचा गळत होता. फिटर तो उघडायला गेला. भावोजी आत कंट्रोल रूममध्ये, पंप चालू-बंद करायच्या पॅनेलवर होते. त्यांनी वॉकीटॉकीवर सांगितलं, एक नंबर बंद केलाय, रिकामा आहे, उघड. … आणि बंद केला होता दोन नंबर. …

हो. … हो, गरम तेल फिटरच्या हातावर आलं. उजव्या. कोपरापर्यंत. … हातमोजे होते म्हणून बोटं वाचली. हात राहील म्हणतात डॉक्टर, पण कातडी लावावी लागेल. … हो, तोच. तुझ्या माळ्यावरची टाकी बसवून दिली होती तोच. …

ताई, रडू नकोस ना. …

कुठे आहेत म्हणजे, इथेच. प्रथमोपचाराच्या खोलीत, बाकावर बसलेत. चहा दिला, तो तसाच निवला. एकच वाक्य, 'मीच बोललो, एक नंबर.' पुन्हा पुन्हा तेच. …

हो ना, तेच तर मी म्हणते! एकतीस वर्षांत त्यांची एक चूक नाही. पंप नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस तो. … थांब हं एक मिनिट… काय? … रजांची फाइल तिसऱ्या कपाटात, वरच्या फळीवर. … नाही, किल्ली लागत नाही, दार ओढा जोरात. … हां ताई, बोल.

नाही, एकट्याच्या सांगण्यावर उघडायचा नसतोच पंप. दुसऱ्या माणसाने जागेवर जायचं, व्हॉल्व्हला हात लावून बघायचं, चिठ्ठी लटकवायची, मग सही करायची. नियम आहे तसा. … कोण दुसरा माणूस? अगं, ती जागा आठ महिने रिकामी आहे! तो गेला ना परदेशातल्या कंपनीत. त्यांनी बायकापोरांसकट उचलला. आम्ही बसलो जाहिराती देत. …

येतात की! मुलाखतीला येतात, प्लांट बघतात, रात्रपाळी म्हटलं की जातात. आणि जे शिकतात ते दोन वर्षांत उडून जातात. तुझ्या लेकीला नव्हतं विचारलं मी? काय म्हणाली आठवतं? 'मावशी, हा धंदाच वीस वर्षांत संपणार म्हणतात, मग मी त्यात कशाला शिरू?' … मी काय उत्तर देणार? पण वीस वर्षांनी संपणार असला, तरी आज तो पंप कुणी बघायचा? …

केला होता गं! चार वर्षांपूर्वी तक्ता केला होता मी. भिंतीएवढा. अकरा पॅनेलवाले, त्यातले आठ पाच वर्षांत निवृत्त. नवा माणूस एकट्याने पॅनेलवर बसायला चार वर्षं लागतात. म्हणजे सहा जण आजच घ्या, असं लिहिलं होतं लाल पेनाने. … साहेब म्हणाले, तेलाचा भाव पडलाय, भरती बंद, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी भाव चढला. मग म्हणाले, आता एवढं काम आलंय, शिकवायला वेळ कुणाला आहे? … हसू नकोस. … तहान लागली की विहीर खणायची. आणि आता खणायला पण माणूस नाही. …

तीन उरलेत, ताई. तीन पाळ्या, तीन माणसं. एकाला ताप आला की संपलं. … आला ना. मास्तरला, तिघांतल्याच एकाला. परवापासून अंथरुणात आहे. …

काय? … नाही, ते… ते कसं झालं ते… थांब, दार लावून घेते. …

हां. …

काल दुपारी दोनला आले ना ते घरून? दहाला सुटायचे होते. … हो, तुला फोन करून थांबतो म्हणाले, माहीत आहे मला. मग दहा ते सहा. मग सहाला तिसराही आला नाही. म्हणजे सात वीसला त्यांना सतरा तास झाले होते. वर वीस मिनिटं. … सतरा. …

कुणी थांबवलं? …

ताई, साहेबांना नको बोलूस. … नाही, ऐक ना. त्यांना नको बोलूस म्हणजे… त्यांनी नाही थांबवलं.

मी थांबवलं. …

मी, ताई. फोन मी केला. रात्री पावणेदहाला. म्हटलं, 'भावोजी, आज पण राहाल का?' ते म्हणाले, 'तू विचारतेस म्हणजे दुसरा कुणी नसणारच.' एवढंच म्हणाले. …

ताई? … ताई, आहेस ना? …

बोल काहीतरी. … शिव्या दे. …

नाही, हे पहिल्यांदा नव्हतं. … या महिन्यात नवव्यांदा. … मला माहीत आहे त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या वाढल्यात. तूच सांगितलं होतंस. … हो, ऐकलं होतं मी. पाळ्या मी लावते, ऐकूनसुद्धा त्यांचंच नाव टाकलं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर कटकट होते गं, सह्या लागतात, कारणं लागतात. घरचा माणूस नाही म्हणत नाही, म्हणून त्यांचं टाकत गेले. … हो, आपलेच दात, आपलेच ओठ. … बोल. मला लागतंय ते बरोबरच आहे. …

अजून एक सांगायचंय. … नाही, फोन ठेवू नकोस! हे ऐकल्याशिवाय ठेवू नकोस. …

लागोपाठ दोन पाळ्या कॉम्प्युटर घेत नाही. लाल होतो. मग मी काय लिहायची? रात्रपाळीला भावोजींच्या नावापुढे 'विश्रांती कक्षात राखीव'. आणि पॅनेलवर इन्चार्जचं नाव. … हो, खोटं. साहेब म्हणाले होते, तेवढं जुळवून घे. मी घेतलं. … कळलं का याचा अर्थ? कागदावर भावोजी काल रात्रभर झोपले होते. सहाला ताजेतवाने उठले, पॅनेलवर बसले आणि दीड तासाच्या आत चुकले. …

हो. … तेच तर. चौकशीसमिती आलीये, वरच्या ऑफिसची तीन माणसं. साडेनऊपासून मीटिंगच्या खोलीत बसलीत. हा कागद बघितला की काय लिहितील? ऑपरेटरचा निष्काळजीपणा. निवृत्तीला सात महिने राहिलेत त्यांच्या, आणि एकतीस वर्षांवर हे एक वाक्य बसेल. …

साहेब? साहेब मघाशी येऊन गेले. म्हणाले, कागद आहे तसा राहू दे. म्हणाले, 'तुझी सही आहे त्यावर, विचार कर.' गोड आवाजात. …

आणि भावोजींनी काय केलं माहीत आहे? … लिहून देऊन टाकलं! 'मी स्वतःहून थांबलो, मला कुणी सांगितलं नव्हतं.' तो चहा तिथे निवतोय आणि हे कागदावर मला वाचवतायत. … मला कळलं तेव्हा मी जिन्यातच बसले, ताई. …

एक वही आहे माझ्याकडे. … साधी, शंभर पानी. खरे तास लिहिते मी त्यात. कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं. दोन वर्षांचे आहेत. … का लिहिते, कुणास ठाऊक. कुठेतरी खरं असावं म्हणून असेल. … पर्समध्ये आहे आत्ता. … हो, देणार आहे. …

काय? …

ताई, काय बोलतेस तू? … मघाशी तर मला फाडून खात होतीस! … हो, मला माहीत आहे, घरात मिळवणारी मी एकटी. … हो, धाकट्याची शाळा बाकी आहे अजून. … 'त्यांचं काय, सात महिने राहिलेत, घरी बसतील'? हे तू म्हणतेस? त्यांची बायको? … अगं नको ना. तुम्ही दोघं असे वागलात तर मी कुठे तोंड लपवू? तू शिव्याच दे, ते सोपं आहे. …

नाही. नाही ताई. मोठी आहेस, पण या बाबतीत नाही ऐकणार. …

कारण सांगते. नुसतं भावोजींसाठी नाही. … ऐक तर खरं! त्यांची चूक ठरली ना, तर फाइल बंद. एक माणूस वाईट निघाला, तो काढला, झालं. ती रिकामी जागा रिकामीच राहील. आज रात्री पॅनेलवर कोण बसणार माहीत आहे? ताप उतरला नसला तरी मास्तर. साहेबांनी गाडी पण पाठवली त्याच्याकडे. आणि नाव कुणी टाकायचं? मी. … त्याच्या बायकोचा फोन आला तर मी तिला काय सांगू? …

हो, घाबरलेय. … जाईल नोकरी, कदाचित जाईल. कदाचित आणखी काही होईल, खोटं लिहिलंय मी. … नको, वकील नंतर बघू. …

फिटरची बायको आली होती सकाळी. मला म्हणाली, 'मॅडम, तुम्हीच त्यांच्या पाळ्या लावता ना? आता महिनाभर तरी लावू नका हं.' एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. …

थांब, दारावर कोणी… आले, आले! … हो साहेब, येते. … नाही, रजेचे कागद नाहीत. वही आहे. … माझी. … नाही साहेब, तुमच्याकडे नाही देत. आत टेबलावर ठेवीन, सगळ्यांच्या समोर. … हो, कळतंय मला काय करतेय ते. … व्हा पुढे, दोन मिनिटांत आले. …

ताई, ऐकलंस? … गेले. चेहरा पांढराफटक. …

आता उठ. मिळेल ती गाडी पकड आणि दोन नंबरच्या गेटवर ये, तुझं नाव देऊन ठेवते. भावोजींना घरी ने. … काही विचारू नकोस त्यांना, आधी झोपू दे. उठले की फिटरला बघायला जायचं म्हणतील. नको म्हणू नकोस. सोबत जा. …

मी? मला किती वेळ लागेल, सांगता येत नाही. … वहीचं सांगू नकोस त्यांना आत्ता. मीच सांगेन, समोर बसून. …

नाही गं, रडत नाहीये. … बरं, रडतेय. …

ठेव आता. … नाही, तू ठेव. आधी तू ठेव, ताई. माझ्याच्याने नाही ठेववत.