सगळ्यांच्या मागून जेवणारा

—नाही, नाही, तो आमंत्रणाचा नारळ उचल आधी. तिथं ठेवला की मी घेतला असं होते, आणि मला तो घ्यायचा नाही. रागावलो नाही रे, बस. ऊन येते का डोळ्यावर? सरक इकडं. मंडळाचा सचिव आहेस म्हणून काय उभ्यानंच बोलशील, श्यामसुंदर? प्रकटदिनाची पंगत आठ दिवसांवर आली, मला माहीत आहे. 'मुरलीधरभाऊंशिवाय पंगत होत नाही' — कोण म्हणते? सगळेच? म्हणणारच ना जी, बावीस वर्षं मीच सवय लावली. फॅक्टरीत चार्जमन होतो, हाताखाली माणसं होती, तिथंही तेच — खुर्चीवर बसून हुकूम सोडणं मला जमलंच नाही. पुढारी म्हणजे पहिला नोकर, असं मी सांगत फिरायचो. छान वाटते ऐकायला.

वाढणं हे हाताचं काम नाही, डोळ्याचं आहे. पानावर सगळेच हात आडवा धरतात — पण ज्याचं पोट भरलं त्याचा हात घट्ट असते आणि जो लाजून राहिला त्याच्या बोटांत फट राहते. तिथून भाकर सरकवायची. ग्वारीघाटाचे नावाडी यायचे, 'बस भैया, बस' म्हणायचे, मी बरोबर ओळखायचो कोणाचं बस खरं आहे. बेबीताईचा नवरा गेला त्या वर्षी ती खांबाआड बसली होती. काही न विचारता तिला अंबाडीची भाजी वाढली, तर ढसाढसा रडली. लोक म्हणाले, भाऊंना मन वाचता येते. आणि नियम एकच — शेवटचा रिक्षावाला जेवून उठला की मग मी. सगळ्यांच्या मागून.

आणि ती? — हां. तुझी अंजनीकाकू. ती माझ्या आधी कधी जेवली नाही. घरी नाही, पंगतीत नाही. मी स्वतःला शेवटचा म्हणायचो, पण माझ्या मागं एक पान होतंच की नेहमी. बावीस वर्षांत हे डोक्यात आलं नाही बापा. तिला शुगर निघाली, सुई सुरू झाली, डॉक्टर माझ्यासमोर म्हणाला, 'सुई के बाद आधे घंटे में खाना, भूलना नहीं' — मी मान हलवली. काहून नाही लक्षात राहिलं? सेक्शनमधल्या नव्वद माणसांच्या घरची दुखणी पाठ होती मला. कोणाच्या आईला दमा, कोणाच्या पोरीला झटके.

मागच्या वर्षी तू ताकाच्या पिंपाजवळ होतास, तू पाहिलंच. — नाही, सगळं नाही पाहिलं. लोकांना वाटते मला उशिरा समजलं. भाकरी थापणारी नंदा माझ्याजवळ आली होती, श्यामसुंदर. कानाशी म्हणाली, भाऊ, काकू सुई घेऊन उपाशीच होत्या, चुलीजवळ घसरल्या, अंग घामानं भिजलं, बोलत नाहीत. ऐकलं मी. स्वच्छ ऐकलं. माझ्या हातात झुणक्याची बादली होती आणि त्या रांगेत चौदा पानं राहिली होती. म्हटलं, एवढी रांग होऊ दे. वाढली मी. चौदाही वाढली. एकाला तर आग्रह केला — घ्या ना, घ्या. मग दवाखान्यात आपल्या मंडळातला दिवाकर म्हणाला, 'इतकं झालं तरी पंगत मोडू दिली नाही भाऊंनी, याला म्हणतात सेवा' — आणि मला बरं वाटलं. ती आत पडलेली, अन् मला बाहेर बाकावर बरं वाटून राहिलं होतं. हे कोणाला सांगितलं नव्हतं. तुला काहून सांगून राहिलो, देव जाणे.

डॉक्टर म्हणाला, थोडं आधी आणायला पाहिजे होतं. थोडं म्हणजे किती, हे मी नाही विचारलं. आता ती हिंडते-फिरते, पण शब्द सापडत नाहीत तिला. भाताला 'ते' म्हणते, दिव्याला 'ते', मलाही 'ते'. मीच वाढतो. पण तिचा हात मला वाचता येत नाही रे. पानावर धरते — खरंच नको असते की काय, नाही समजत. तिला आवडते काय, ते तरी माहीत होतं का मला? नागपूरला मनीषाला, तिच्या बहिणीला, पत्र टाकून विचारलं. तिनं लिहिलं, भरलं वांगं. भावजी, तुम्हाला सोसत नाही म्हणून तिनं लग्नानंतर सोडलं. केलं मग मी, जसं जमलं तसं. तिनं अर्धं माझ्या ताटात ठेवलं. काय करू सांग? तिला ओरडू? ओरडलो. तरी माझ्याआधी घास घेत नाही.

चलो, पंगत तुम्ही पोरंच करा. वाढणाऱ्यांना आधी जेवू घाला. लोक हसले तर हसू दे. आणि माझ्याकडून शिकलो असं कोणाला सांगू नका — ऐकून राहिला ना? कुठं पाहतोस?

मागं?

अंजनी. केव्हाची उभी आहेस गं दारात? बस. खाली बस — हात किती थरथरून राहिले. किती वाजले, श्यामसुंदर? सव्वा एक? मी साडेबाराला सुई दिली तिला. माझ्या हातानं दिली, अन् लगेच तू आलास, अन् मी — नाही, तुझी चूक नाही, मीच बोलत बसलो. पाहुणा उठल्याशिवाय मी पानावर बसत नाही, हे तिला माहीत आहे. आणि मी बसल्याशिवाय ती —

उठ, श्यामसुंदर. चप्पल बाहेर जाऊन घाल. उठ.