डाव्या पावलाचा आवाज

— धप्प! असा यायचा आवाज, दादा. आधी धप्प, मग फट्. धप्प म्हणजे डावं पाऊल आणि फट् म्हणजे चेंडू — तुम्ही टेकून बसलात ना, त्याच भिंतीवर, पलीकडच्या अंगानं. मी इथं बुटांच्या टाचा ठोकत बसायचो आणि माझा मुलगा मागच्या बोळात पळत यायचा. त्याची आई म्हणायची, हा एक दिवस भिंत तरी पाडेल नाहीतर मला तरी. भिंत उभी आहे बघा. ती बिचारी गेली — जाऊ दे ते. तुम्ही बसा हो. उठताय कशाला? पोरीच्या बुटाला अंगठ्यापाशी भोक पाडायचंय ना, पाडतो की. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, नवाकोरा बूट कापायला आणलाय, ह्या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे का? मला नका समजावू. जोरात चेंडू टाकणाऱ्याचं सगळं अंग त्या एका पावलावर येतं, अंगठा पुढं जाऊन आपटतो, नख काळं पडतं. माझ्या मुलाची कितीतरी नखं गेली. मी ह्याच रापीनं त्याचे बूट कापायचो.

रागावलाय तुम्ही. कळतंय मला. बूट तुमच्या हातून खाली पडला आणि आमचा माणूस नुसता उभा राहिला, वाकला नाही. तुम्हाला वाटलं, काय मिजास! गिऱ्हाईकानं स्वतः उचलायचं का? — मिजास नाही हो. त्याला वाकता येत नाही. पाठीत लोखंडी पट्टी आहे. म्हणून तर ते उंच टेबल, उभ्यानंच शिवतो. बसला की उठताना — तो दोरा आणायला गेलाय तोवर सांगतो, त्याच्यासमोर नको — उठताना भिंतीकडे तोंड करतो. मला तोंड दिसू नये म्हणून. मी पण तेवढ्यात खिळे शोधायला लागतो. असं चाललंय आमचं.

हो, माझा मुलगाच तो. तोच, बोळातला.

कशानं म्हणजे? काम जड होतं, झालं... आता काय सांगू. तुम्ही मघाशी हसत हसत म्हणालात ना, माझी पोरगी अगदी तोफेसारखी टाकते, फक्त तोफेसारखी पळपुटी निघू नये म्हणजे झालं. तोफ म्हणजे तो बोलर, लोकांनीच ठेवलेलं नाव — ऐन सामन्यात चेंडू टाकून दिला, खाली बसला, कप्तान बोलावतोय आणि हा जागचा हलेना. मानधनावरून रुसला होता म्हणे. सगळेच म्हणतात, तुमचं एकट्याचं काय. पण तुम्ही ते म्हणालात तेव्हा तो ह्या टेबलापाशी उभा होता, दादा. त्याच्या हातात तुमच्या पोरीचा बूट होता.

दोरा? दोरा ह्या खणात मावत नाही एवढा पडलाय.

नाही, तुम्हाला कसं ठाऊक असणार? दाढी वाढलीय, अंग उतरलंय. तेव्हा तो पळत यायला लागला की लोक उभे राहायचे. देशाकडून खेळायला लागला तरी बूट माझ्याकडंच यायचे — कंपनीवाले फुकट देत होते, तरी कापायला माझ्याकडं. म्हणायचा, बाबा, अंगठा कुठं आपटतो ते तुम्हालाच माहीत. मग शेवटी शेवटी पाठ दुखायला लागली. दुखणं मारायची सुई टोचायची नि टाकायचं, सुई टोचायची नि टाकायचं. थांब म्हणालो तर म्हणाला, मी थांबलो की दुसरा उभाच आहे, बाबा. त्या दिवशी मी मैदानात होतो. लोक म्हणतात एवढ्या गर्दीत काय ऐकू येणार? आलं खरं. धप्प झालं, आणि त्या धप्पच्या आतच आणखी एक बारीक आवाज — वाळकी काटकी मोडावी तसा. तरी पठ्ठ्यानं ओव्हर पुरी केली! आणि मग खाली बसला. रुसला कुठला, दादा, त्याला डावा पाय आहे की नाही तेच कळत नव्हतं. लोक बाटल्या फेकत होते. मी ओरडत होतो, अरे फेकू नका, त्याला लागलंय — पण माझा आवाज तो काय.

तेच तर. लोकांना का नाही सांगितलं? मी पण हेच विचारलं त्याला. म्हणाला, बाबा, शिव्या चालतील मला, अरेरे नको. पळपुटा म्हणू देत, लुळा नको म्हणायला. घरी आला तो एका अटीवर आला — दुकानात कुणाला सांगायचं नाही. म्हणाला, सांगितलंत तर त्या दिवशी मी इथून गेलो समजा. आणि मी पाळलं हो, आजपर्यंत पाळलं. पण आजवर इथं त्याच्या तोंडावर कोणी पळपुटा म्हणालं नव्हतं, आणि तो... हे बघा, बुटावर खडूची ही खूण. मी नाही केली. तुमचं बोलणं ऐकून घेतलं, अंगठा कुठं येईल तिथं खूण केली, आणि मग गेला दोऱ्याला. आता ह्याला काय म्हणायचं?

नका, दादा, असं तोंड नका करू. पुसा ते डोळे. हेच, हेच तोंड त्याला नको असतं. तो यायच्या आत नीट बसा, पोरीचं काहीतरी बोला, हसा जरा —

अरे! आलास? कधीचा उभा आहेस? ये ना आत. मी यांना आपलं... बुटाचं सांगत होतो. भोक कसं पाडायचं ते. हो ना, दादा? सांगा की त्याला. — बघू नका हो त्याच्याकडे असं! — अरे, यांच्या डोळ्यात कचरा गेलाय, बाकी काही नाही. दोरा मिळाला? ठेव तिथं. ठेव आणि उभा राहा आपल्या जागेवर, तू केलेल्या खुणेवर कापतोय बघ, तू सांग बरोबर आहे का. बरं, नको सांगूस. नुसता उभा राहा. अरे, दार कशाला... बाळा...

गप्प, दादा. काही बोलू नका. पाऊल कुठं वळतंय, तेवढं ऐकू द्या मला.