पाय जागेवर ठेव

मंडळी,

सायवनच्या शाळेचं पटांगण इतकं भरलेलं मी पहिल्यांदा बघतोय. कासा, तलासरीहून लोक आलेत. उभा राहिलोय. तर बोलणार. आणि गोड बोलणार नाही, आधीच सांगतो.

मनीषा माझी भाची. विमान शिकायला जाण्याआधी ती माझी कासा-सायवन जीप चालवायची. तुमच्यातले निम्मे तिच्या जीपमधून बाजाराला गेलेत. आज तिच्या फोटोला हार घातलाय.

मघाशी तीन जण बोलले. तिघांचं म्हणणं एकच, की तिला विमान नीट शिकवलं नाही, ते शिकवणाऱ्या तिच्या सरांवर कारवाई झाली पाहिजे. अर्ज तयार आहे. पहिली सही माझी आहे. सर मागे आंब्याखाली उभे आहेत. त्यांना कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. मीही नाही.

मंडळी, छोटं विमान उडायला धावू लागलं की डावीकडे ओढतंच. पुढचा पंखा ओढतो त्याला. तेव्हा उजव्या पायाने पेडल दाबून सरळ ठेवायचं. जमिनीवर हातातलं हँडल कितीही फिरवा, विमान वळत नाही. मला हे कोणी सांगितलं? मनीषानेच, दिवाळीला आली तेव्हा. म्हणाली, "मामा, सर माझे हात मांडीवर ठेवायला लावतात. म्हणतात, सुट्टीत जीप चालवू नकोस, हातांना विसरू दे."

मी हसलो. म्हटलं, तुझ्या सरांनी आपला घाट बघितलेला नाही. आठ दिवस तिला जीपवर बसवलं. गरज होती का? काडीची नव्हती. मला मिरवायचं होतं. तुम्हालाही. दोन जीपा सोडून तुम्ही पायलटच्या जीपसाठी थांबत होतात. विसरलात?

तिला जीप मी शिकवली. घाटात, माणसं कोंबून. नवा माणूस घाबरला की ब्रेकवर उभा राहतो आणि जीप दरीत जाते. म्हणून माझा रोज एकच पाठ. बाय, घाबरलीस तरी पाय जागेवर ठेव, हाताने सावर. पाय हलला की मी तिच्या गुडघ्यावर फटका द्यायचो. चांगली शिकली. फारच चांगली शिकली.

सुट्टीवरून गेली आणि चौथ्या दिवशी एकटी विमानात बसली. विमान डावीकडे ओढलं, धावपट्टी सोडून गेलं, नाल्यात उलटलं. सर बाजूला उभे होते. काल मी खोदून विचारलं, तेव्हा बोलले. विमानाचे पंख आणि शेपटी बघून त्यांना कळत होतं, की हँडल पार उजवीकडे फिरवलेलं आहे आणि पेडलवरचा पाय हललेलाच नाही.

ताई, तू समोर बसलीस. माझी पोर कोणी मारली, असं रोज विचारतेस. घरात सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून भरल्या सभेत सांगतोय. मी.

माझी सही मी खोडतोय. तुमची तुम्ही बघा. उद्या सकाळी जीप सुटेल, मीच चालवीन. मला दुसरं काही येत नाही.

आता दोन मिनिटं तिच्यासाठी उभे राहा. आधी सरांना वाट द्या, त्यांना ताईच्या शेजारी येऊ द्या.

आणि कोणी पाय हलवू नका. मी तिला शिकवलं होतं, तसे जागेवर ठेवा.